गप्प बसणारं रसायन

माझ्या प्रयोगशाळेतल्या पहिल्या वहीच्या ४३व्या पानावर लाल शाईने गोल केलेला एक आकडा आहे: ५३८.६४. तो गोल माझा नाही. आमच्या गटात एक सीनियर होती, तिला सगळे नुसतंच ताई म्हणायचे. तिने तो आकडा लिहिला, त्याभोवती गोल काढला आणि शेजारी दोन शब्द लिहिले, "सॉल्ट विसरलीस."

झालं होतं असं. बाटलीत ५ मिलिग्रॅम पांढरी पावडर होती आणि मला तिचं १० मिलिमोलर द्रावण करायचं होतं. रेणुभार शोधला, ४२२.५७ मिळाला. भागाकार केला, ११८३ मायक्रोलिटर पाणी घातलं, बाटली हलवली, पावडर विरघळली, मी खूश. पण बाटलीत नुसता रेणू नव्हताच. त्याचं मॅलिएट सॉल्ट होतं, म्हणजे रेणूच्या जोडीला मॅलेइक आम्ल. त्या जोडीचा भार ५३८.६४. पाणी घालायला हवं होतं ९२८ मायक्रोलिटर. माझं '१० मिलिमोलर' प्रत्यक्षात ७.८५ होतं, आणि त्यातून पुढे केलेलं प्रत्येक द्रावण त्याच हिशेबाने पातळ.

त्या द्रावणावर मी दोन आठवडे काम केलं आणि आलेख झकास येत होते. बाइंडिंगचे, म्हणजे रेणू पेशीवरच्या आपल्या जागेला किती घट्ट धरतो याचे, आलेख लॉग स्केलवर काढतात, तिथे दर घराला आकडा दहापट होतो. १० च्या जागी ७.८५ असलं तर वक्र लॉगवर एका घराचा जेमतेम दहावा भाग सरकतो. जाड पेनाने रेघ ओढली तर रेघेच्या जाडीतच ती चूक जिरते. वळण सुंदर, ठिपके रेघेवर, तिन्ही नळ्यांचे आकडे एकमेकांना धरून, आणि उत्तर खऱ्याच्या सव्वापट. ताईने सहज म्हणून वही चाळली नसती तर ते तसंच छापून गेलं असतं. कुणाला संशय येण्यासारखं त्यात काही नव्हतं.

ही पावडर म्हणजे वे-१००६३५. पुढची काही वर्षं मी तिच्याच संगतीत काढली. तिच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. निमित्त झालं परवा आलेल्या एका विद्यार्थिनीच्या मेलचं: "मॅडम, ५-एचटी१ए ब्लॉक करायला वे वापरलं तर चालेल ना?"

त्या 'चालेल ना'मध्ये बरंच काही दडलंय.

वे हे औषध नाही. कुठल्याही आजारावर ते देत नाहीत. बाटलीवर 'फक्त संशोधनासाठी' असं लिहिलेलं असतं आणि ते अक्षरशः खरं आहे. नावातली डब्ल्यू, ए, वाय ही अक्षरं वायथ-एअर्स्ट या कंपनीची, आकडा त्यांच्या यादीतला. असली रसायनं म्हणजे अवजारं. सेरोटोनिन (५-एचटी हे त्याचंच आखूड नाव) मेंदूत पेशींमधले निरोप नेतं, आणि ते निरोप घेणाऱ्या पेशींवरच्या जागा म्हणजे रिसेप्टर. सेरोटोनिनसाठी ते किमान चौदा प्रकारचे आहेत. एखादा परिणाम त्यातल्या कुठल्या रिसेप्टरमुळे होतो हे कळायला एकेक बंद करून बघावा लागतो. ५-एचटी१ए बंद करायचं अवजार म्हणजे वे.

या रिसेप्टरची कहाणीही जरा उलटीच आहे. जनुक आधी सापडलं आणि त्याचा मालक नंतर. १९८७ साली ब्रायन कोबिल्का आणि सहकाऱ्यांना जी-२१ नावाचं एक जनुक मिळालं. एकूण ढंगावरून ते कुठल्यातरी रिसेप्टरचं आहे हे दिसत होतं, पण कुठल्या ते ठाऊक नव्हतं. वर्षभराने, १९८८ मध्ये, उलगडा झाला की हाच सेरोटोनिनचा १ए. (कोबिल्कांना पुढे २०१२ चं नोबेल मिळालं, ते याच मोठ्या कुळातल्या दुसऱ्या रिसेप्टरवरच्या कामासाठी.)

१ए दोन ठिकाणी दोन वेगळी कामं करतो. हिप्पोकॅम्पससारख्या भागांत तो समोरच्या पेशीवर बसून सेरोटोनिनचा निरोप घेतो. मेंदूच्या देठात मात्र राफे नावाची केंद्रकं आहेत, जिथे सेरोटोनिन तयार करणाऱ्या पेशी राहतात, आणि तिथे तो त्याच पेशींच्या अंगावर असतो. पेशीने सेरोटोनिन सोडलं की तिचाच १ए ते ओळखतो आणि तिला म्हणतो, पुरे आता. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या सुरू केल्यावर गुण यायला काही आठवडे का लागतात, याच्या एका लोकप्रिय स्पष्टीकरणात हाच ब्रेक येतो: सुरुवातीला सेरोटोनिन वाढतं, ब्रेक लागतो, आणि ब्रेक झिजेपर्यंत वाट बघावी लागते.

हा ब्रेक सोडवायचा तर चांगला ब्लॉकर हवा. १९८० च्या दशकात १ए चालू करणारं रसायन मिळालेलं होतं, ८-ओएच-डीपॅट. बंद करणाऱ्याची मात्र बोंब होती. एनएएन-१९०, बीएमवाय ७३७८ अशी जी नावं पुढे आली ती हिप्पोकॅम्पसमध्ये ब्लॉकरसारखी वागायची आणि राफेत गेली की स्वतःच ब्रेक दाबायची. रिसेप्टर चालू करणारा रेणू म्हणजे अ‍ॅगोनिस्ट, आणि असल्या अर्धवटाला अंशतः अ‍ॅगोनिस्ट म्हणतात. कुलपात अर्धवट फिरणारी किल्ली समजा. राफेत १ए इतके दाटीवाटीने आहेत की अर्धवट फिरणंही पुरून उरतं.

म्हणून १९९० च्या दशकाच्या मध्यावर वे आलं तेव्हा त्याच्या वर्णनात एक विशेषण आवर्जून असायचं: सायलेंट. गप्प. हे रिसेप्टरवर बसतं आणि काहीच करत नाही, ना अर्धं ना पाव. नॅनोमोलरच्या घरात, म्हणजे लिटरभर पाण्यात ग्रॅमच्या दशलक्षाव्या भागाएवढं असलं तरी जागा धरतं. इतर रिसेप्टरांपेक्षा शंभरपटीहून अधिक निवडक, अशी त्याची ख्याती. १९९६ साली प्रिन्स्टनच्या एका गटाने दाखवलं की जाग्या मांजराला वे दिलं की राफेतल्या पेशींचा वेग वाढतो. मांजर झोपलेलं असेल तर त्याचा परिणाम दिसत नाही. झोपेत त्या पेशी तशाही मंदावतात, सेरोटोनिन कमी सुटतं, ब्रेक लागलेलाच नसतो, मग सोडवायचं काय? तो निबंध वाचून मी या रसायनाच्या प्रेमातच पडले. इतका देखणा प्रयोग, आणि त्याच्या मुळाशी नुसतं गप्प बसणं.

बाइंडिंगचा दिवस कसा असतो ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

सकाळी उणे ८० च्या फ्रीझरमधून उंदराचा, म्हणजे रॅटचा, हिप्पोकॅम्पस काढायचा. बर्फात ठेवलेल्या बफरमध्ये तो टाकला की होमोजिनायझरची कर्कश किणकिण सुरू. काही सेकंदांत गढूळ पाणी. मग सेंट्रिफ्यूज, तळाशी बसलेली फिकट गोळी, ती पुन्हा बफरमध्ये. मधे दहा मिनिटं ३७ अंशांवर ठेवायचं, म्हणजे ऊतीतलं स्वतःचं सेरोटोनिन सुटून जाईल. पुन्हा सेंट्रिफ्यूज. हा भाग कंटाळवाणा असतो आणि कंटाळा करून चालत नाही. उरलेलं सेरोटोनिन जागा अडवून बसलं तर दुपारी आकडे रुसतात.

मग बर्फाच्या ट्रेमध्ये बहात्तर काचेच्या नळ्या. प्रत्येक मात्रेला तीन. प्रत्येकीत 'हॉट' वे, म्हणजे ट्रिशियम लावलेलं, आणि वरून चढत्या मात्रेत 'कोल्ड' म्हणजे साधं रसायन. काही नळ्यांत १० मायक्रोमोलर सेरोटोनिनचा मारा करायचा, म्हणजे सगळे खरे रिसेप्टर भरून जातील. त्यानंतरही जे हॉट चिकटून राहतं ते काचेला, चरबीला, फिल्टरला, कशालाही चिकटलेलं. ते नॉनस्पेसिफिक, आणि ते वजा करायचं.

ट्रिशियम हा गरीब किरणोत्सर्गी. त्याचे इलेक्ट्रॉन जास्तीत जास्त १८.६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे, कातडीच्या वरच्या मेलेल्या थरातच अडकतात. गायगर काउंटर त्याच्यापुढे आंधळा. त्यामुळे बेंचवर सांडलं तरी काही वाजत नाही, काही दिसत नाही, फक्त पुसून तो कागद वेगळ्या द्रवात मोजला तरच कळतं. नवशिक्यांना याची भीती वाटत नाही. वाटायला हवी, निदान आकड्यांच्या काळजीने तरी.

खरी धांदल गाळताना. काचतंतूंचा फिल्टर आधी पॉलिइथिलिनिमिनमध्ये भिजवून ठेवलेला असतो, नाहीतर हॉट रसायन फिल्टरलाच मिठी मारतं. हार्वेस्टरच्या नळ्या एकदम खाली सोडायच्या, व्हॅक्यूम, ओढ, बर्फासारखा थंड बफर, पुन्हा ओढ, पुन्हा बफर, पुन्हा ओढ. सगळं काही सेकंदांत. रेंगाळलात तर बसलेले रेणू उठून जायला लागतात. शेवटी फिल्टरवर ओल्या गोल चकत्यांच्या रांगा राहतात. चिमट्याने एकेक चकती छोट्या बाटलीत, वर सिंटिलेशनचा द्रव, झाकण, आणि रात्रभर अंधारात.

सकाळी काउंटर एकेक बाटली खाली ओढतो, मिनिटभर मोजतो, वर सोडतो. टक, घुर्र, टक. कागदाच्या पट्टीवर आकडे. ३१४०, ३०८८, ३२०५. सेरोटोनिनच्या नळ्या: २१६, २३१, २०९. एवढा स्वच्छ फरक पाहायची सवय मला वेने लावली. दुसऱ्या काही लिगँडवर, म्हणजे रिसेप्टरवर बसणाऱ्या रेणूंवर, काम करणाऱ्या मैत्रिणींच्या पट्ट्यांत निम्मं नॉनस्पेसिफिकच असायचं. त्या माझ्याकडे हेव्याने बघायच्या आणि मला त्याचा सूक्ष्म गर्व होता, जणू ते रसायन मीच बनवलं होतं.

या सगळ्या खटाटोपातून कळतं काय? रेणू कुठे बसतो आणि किती घट्ट बसतो. बसून काय करतो ते यातून कळत नाही. त्यासाठी पेशीच्या आतलं सिग्नल मोजावं लागतं, तो वेगळा प्रयोग. वे १ए वर बसून गप्प राहतं हे इतरांनी मोजलेलं होतं. मी ते गृहीत धरलं, जसं सगळ्यांनी धरलं होतं.

आता खोक्यांची गोष्ट.

बाइंडिंगबरोबर आमच्या गटात वर्तनाचे प्रयोगही चालायचे. रॅट खोक्यात सोडायचा, कडेने अवरक्त किरणांची जाळी, तो हलला की किरण तुटतो आणि मोजणी वाढते. आम्ही एक नवं संयुग तपासत होतो. त्याने हालचाल बदलायची आणि आम्हाला संशय होता की हे १ए मार्फत होतंय. नेहमीची चार गटांची मांडणी: नुसतं सलाइन, नुसतं संयुग, आधी वे आणि मग संयुग, आणि नुसतं वे. तिसऱ्या गटात संयुगाचा परिणाम पुसला गेला. म्हणजे काम झालं. 'वेने परिणाम अडवला, त्याअर्थी तो ५-एचटी१ए मार्फत होतो', हे वाक्य मी प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात त्याच संध्याकाळी लिहून टाकलं.

चौथा गट मात्र सलाइनसारखा यायला हवा होता आणि तसा येत नव्हता. फार नाही, थोडासाच. खोकं बदललं, वेळ बदलली, सॉल्ट तर मी आता तीनदा तपासायचे. तरी थोडं काहीतरी राहायचंच. मीटिंगमध्ये मी ती पट्टी दाखवली. सर म्हणाले, "टोन असेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

टोनचा अर्थ असा: मेंदूत सेरोटोनिन सतत थोडं थोडं सुटतच असतं. १ए त्याने थोडा दाबलेलाच असतो. ब्लॉकर दिला की तो दाब जातो, म्हणून नुसत्या ब्लॉकरचाही परिणाम दिसू शकतो. हे स्पष्टीकरण खोटं नाही. जाग्या मांजरांच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. पण त्याची एक सोय अशी आहे की ते केव्हाही लागू पडतं. ब्लॉकरने हालचाल वाढली, टोन. घटली, टोन. सकाळी एक आणि दुपारी दुसरं आलं, टोन बदलतो ना दिवसभरात! फार्माकॉलॉजीत इतकी मऊ उशी दुसरी नाही, आणि मी तिच्यावर डोकं टेकून शांत झोपले. तळटीप टाकली, पुढे गेले.

त्याच सुमाराला मी पेट स्कॅनचे निबंधही वाचत होते, आणि आज मागे वळून पाहताना याचीच चुटपुट जास्त लागते. वेला कार्बन-११ ही किरणोत्सर्गी खूण लावून पेट स्कॅनमध्ये जिवंत माणसाच्या मेंदूतले १ए बघता येतात. कार्बन-११ चं अर्धआयुष्य २०.४ मिनिटं, त्यामुळे रसायन बनवायचं, शुद्ध करायचं, टोचायचं, सगळं घड्याळाशी शर्यत लावून. सुरुवातीला हा कार्बन रेणूच्या मिथॉक्सी टोकाला लावला. चित्रं गढूळ आली. कारण शरीरात वेचा एक तुकडा पडतो, सायक्लोहेक्झेनची बाजू गळून जाते, आणि उरलेला भाग, वे-१००६३४, मेंदूत शिरतो आणि रिसेप्टरांवर बसतो. खूण नेमकी त्याच भागावर राहिलेली. मग संशोधकांनी खूण रेणूच्या दुसऱ्या बाजूला, कार्बोनिलवर लावली. आता गळून जाणाऱ्या तुकड्यावर खूण, आणि तो तुकडा मेंदूच्या वाटेला फारसा जात नाही. चित्र एकदम लख्ख.

(त्या लख्ख चित्रांवरूनही भांडणं झालीच. नैराश्य असलेल्या लोकांत १ए कमी असतात असं काही गटांनी सांगितलं, २००६ मध्ये एका गटाने सांगितलं की जास्त असतात. रसायन तेच. वादाचं एक मोठं कारण हिशेबात होतं: तुलनेला रक्तातलं प्रमाण धरायचं की लहान मेंदूतलं. त्यावर एक वेगळाच लेख होईल.)

तर ६३४ हे नाव मला पाठ होतं. शरीरात हा तुकडा पडतो, मेंदूत जातो, तिथे बसतो, हे सगळं माहीत होतं. पण ती पेटवाल्यांची डोकेदुखी, असं मी मनात लिहून टाकलं होतं. माझ्या खोक्यातल्या रॅटच्या अंगातही तोच तुकडा पडत असेल, हा विचार एकदाही आला नाही. आमच्या गटात कुणालाच आला नाही.

२००६ मध्ये, मी प्रबंधाच्या शेवटच्या फेरीत असताना, ताईने एक निबंध पाठवला. मेलमध्ये एक अक्षर नाही, नुसती जोडलेली फाइल. पर्ड्यू विद्यापीठातलं काम, लेखकांमध्ये डेव्हिड निकोल्स आणि ब्रायन रॉथ. मथळ्यातच सगळं होतं: वे-१००६३५ हे डोपामिनच्या डी४ रिसेप्टरचं जोरदार अ‍ॅगोनिस्ट आहे.

मी तो उभ्याने वाचला. त्यांनी पेशींमध्ये डोपामिनचे रिसेप्टर एकेक करून बसवले आणि वे घातलं. डी२ वर आणि डी३ वर पकड ढिली, शेकड्यांतल्या नॅनोमोलरची. डी४ वर १६ नॅनोमोलर. ते नुसतं बसतही नव्हतं, रिसेप्टर पूर्ण चालू करत होतं, दहाएक नॅनोमोलरलाच निम्मा परिणाम. आणि ६३४, तो गळका तुकडा, त्याहून कितीतरी जोरदार. ज्या रेणूला आपण दहा वर्षं गप्प म्हणत होतो तो शेजारच्या दारात उभा राहून मोठ्याने बोलत होता.

पुढे २००९ च्या सुमारास निकोल्स यांच्या गटानेच रॅटना वे आणि सलाइन यांतला फरक ओळखायला शिकवलं. रॅट शिकले. म्हणजे 'गप्प' रसायन अंगात गेल्याचं त्यांना कळत होतं, आणि ती ओळख डी४ बंद केला की जायची. माझा चौथा गट मला हेच सांगत होता का? असेलही. टोनही असेल. दोन्ही थोडं थोडं असेल.

निबंध वाचल्यावर मी वेची रचना कागदावर काढली. कितव्यांदा काढत होते देव जाणे, पण यावेळी नीट बघितली. एका टोकाला पायपरझिनचं कडं आणि त्याला चिकटलेलं मिथॉक्सीफिनिल. हा तुकडा या क्षेत्रातला सराईत घरफोड्या आहे. सेरोटोनिनच्या १ए वर बसतो, अ‍ॅड्रिनलिनच्या अल्फा-१ वर बसतो, डोपामिनच्या कुळात तर त्याचं नेहमीचं येणंजाणं. पायपरझिनमधला नायट्रोजन धनभारित होतो आणि रिसेप्टरच्या तिसऱ्या हेलिक्सवरच्या (पिळावरच्या) अ‍ॅस्पार्टेट या अमिनो आम्लाला धरतो. १ए मध्ये ते अ‍ॅस्पार्टेट ११६व्या जागी, डी४ मध्ये ११५व्या. इतके ते सख्खे. रसायनशास्त्राच्या कुणाही विद्यार्थ्याने चित्र बघून विचारायला हवं होतं की डोपामिनचं काय? विचारलं नव्हतं असंही नाही. पण 'डोपामिनचं बघितलं' म्हणजे बहुधा डी२ बघितला असा अर्थ असायचा. डी४ चं जनुक १९९१ मध्ये हाती आलेलं, तो रिसेप्टर नवा, आणि क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध त्याला आवडतं म्हणून तो गाजत होता स्किझोफ्रेनियाच्या निबंधांत. सेरोटोनिनवाले ते निबंध वाचत नव्हते. मी तरी नव्हते वाचत.

आणि 'शंभरपट निवडक' या शब्दांतही काही खोट नव्हती. ज्या रिसेप्टरांवर तपासलं त्यांच्या मानाने शंभरपट. न तपासलेल्यांबद्दल ते वाक्य काहीच म्हणत नव्हतं. तो भाग आम्ही मनाने भरला.

प्रबंध जमा करायला पाच आठवडे होते. डी४ चा ब्लॉकर मागवून चारही गट पुन्हा करायचे म्हटलं तर वर्षाचं काम. सरांशी बोलले. ते वाईट माणूस नव्हते, पण घाईत होते. "एक परिच्छेद घाल," म्हणाले. मी चौथ्या प्रकरणातलं ते वाक्य काढून त्या जागी लिहिलं, 'वेने परिणाम अडवला. हे ५-एचटी१ए मुळे असण्याची शक्यता आहे, मात्र डी४ ची भूमिका या प्रयोगांतून वगळता येत नाही.' एका वाक्याची दोन झाली आणि प्रकरणाचा कणाच गेला. परीक्षकांनी त्यावर काही विचारलं नाही. विचारावं असं मला फार वाटत होतं.

यावरून कुणी असा अर्थ काढू नये की वे टाकाऊ आहे. ते आजही उत्तम अवजार आहे. १ए वरची त्याची पकड डी४ वरच्या पकडीपेक्षा कितीतरी घट्ट, त्यामुळे हिप्पोकॅम्पसच्या पेशीपडद्यांवर कमी मात्रेत बाइंडिंग करायचं तर मी डोळे झाकून तेच घेईन. पंचाईत होते ती जिवंत प्राण्यात. तिथे मात्रा हाताबाहेर असते, ६३४ तयार होतं, आणि प्रीफ्रंटल कॉर्टेक्ससारख्या ठिकाणी १ए आणि डी४ दोघेही हजर असतात.

तर त्या विद्यार्थिनीला मी जे कळवलं ते असं. वे वापर, पण जमेल तितक्या कमी मात्रेत, आणि मात्रा एकच न घेता तीन-चार घे. त्याच्या जोडीला अगदी वेगळ्या सांगाड्याचा दुसरा ब्लॉकर घे, उदाहरणार्थ एनएडी-२९९. त्यात पायपरझिनच नाही, त्यामुळे दोघांची खोड एकच असण्याची शक्यता कमी. दोघांनी एकच उत्तर दिलं तर १ए वर बोट ठेवता येईल. एका गटात वेबरोबर डी४ चा ब्लॉकर दे, एल-७४५,८७० चालेल. आणि १ए नसलेले उंदीर मिळत असतील तर त्यांना नुसतं वे देऊन बघ. असे उंदीर १९९८ मध्येच तीन वेगवेगळ्या गटांनी बनवलेत. ज्या उंदरात १ए च नाही त्याच्यात वेने काही केलं तर ते १ए चं काम नक्कीच नाही आणि टोनचं तर मुळीच नाही. हा प्रयोग मी करायला हवा होता. आठ उंदीर पुरले असते. आणि नुसत्या वेचा गट कधीही, कितीही प्राणी कमी पडले तरी, वगळू नकोस.

दोन तासांत तिचं उत्तर आलं. एल-७४५,८७० त्यांच्याकडे नाही, मागवावं लागेल, यायला दीड महिना तरी जाईल. वेची बाटली मात्र कालच फोडली आहे. "तोवर काय करू मॅडम?"

तोवर बाटलीवरचा रेणुभार परत बघ, म्हटलं. मॅलिएट आहे ते.